पाच बंद, एक मोकळी: घरी बांधलेल्या गाडीच्या अल्टरनेटरचा ब्रॅकेट

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांचे फोन आले, की सर, दुसऱ्याच कुणाचा विषय तुमच्या नावापुढे लागलाय का? नाही, विषय माझाच आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज मी लोखंडाच्या एका तुकड्यावर बोलणार आहे. मूलकडचा माझा एक जुना विद्यार्थी चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घरीच गाडी बांधतो आहे. पेट्रोल इंजिन एका भंगारातल्या गाडीचं, अल्टरनेटर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा. दोघांची भोकं जुळत नाहीत. तो मला म्हणाला, "सर, सगळं जमलं, एवढा ब्रॅकेट तेवढा बसत नाही." त्यावर आम्ही बरेच दिवस बोलत होतो. त्या बोलण्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

घरी गाडी बांधणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली 'मीरा' या छोट्या गाडीचा पहिला नमुना केला आणि पुढची पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले. अलीकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. त्यांनी भंगारातून चारचाकी केली, ती किक मारून सुरू व्हायची, आणि २०२१च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत ती दिलीही. आता बघा, दुचाकीचं इंजिन घेतलं की आपला आजचा प्रश्न उभाच राहत नाही. तिथे वीज करणारा मॅग्नेटो इंजिनाच्या आतच, फिरत्या दांड्यावर बसलेला असतो. पण मोठ्या गाडीचं इंजिन घेतलं की अल्टरनेटर बाहेर येतो, पट्ट्यावर फिरतो, आणि मग त्याला धरायचं कसं हा प्रश्न येतो.

आधी हे सांगतो की यात एवढं अडतं कशाने. बॅटरी वीज तयार करत नाही, ती फक्त साठवते. गाडी चालू असताना सगळी वीज अल्टरनेटरची. १२ व्होल्टच्या बॅटरीत भर घालायला तो सुमारे १४ व्होल्ट देतो. तो थांबला तर गाडी तिथल्या तिथे बंद पडत नाही, आणि फसवणूक तिथेच होते. ती बॅटरीतली शिल्लक खात पुढे जाते. रात्रीची वेळ, पाऊस. दिवे, वायपर, इग्निशन, पेट्रोलचा पंप असं सगळं मिळून वीसेक अँपिअर धरा. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर सव्वादोन तास पुरते. प्रत्यक्षात दिवे त्याच्या बऱ्याच आधी पिवळे पडतात. चंद्रपूर शहरात असं झालं तर ढकलत गॅरेजला नेता येते. आलापल्लीहून भामरागडकडे निघालात तर साठ-पासष्ट किलोमीटर जंगल आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुढचा रस्ताही बंद. शिवाय बऱ्याच जुन्या इंजिनांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा गेला की वीज जाते तशी थंडाईही जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या वर पारा असताना, पाणी फिरत नसलेलं इंजिन किती मिनिटं टिकेल हे वेगळं सांगायला नको.

तर हा ब्रॅकेट. त्याने दोन उलट कामं करायची आहेत. अल्टरनेटर घट्ट धरायचा, आणि गरज पडली की हलू द्यायचा. माझ्या विद्यार्थ्याने पहिला जो नमुना केला त्यात सगळीकडे लांबट भोकं होती. पुढे-मागे, वर-खाली, आडवं, जिकडे हवं तिकडे सरकवा. तो म्हणाला, पूर्ण ॲडजस्टेबल आहे. मी म्हटलं, अरे, हे ॲडजस्टेबल नाही, हे सैल आहे.

यातला फरक नीट समजून घेऊ. कुठल्याही घन वस्तूला अवकाशात सहा प्रकारे हलता येतं. तीन सरकण्याच्या दिशा: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. आणि तीन फिरण्याचे प्रकार, त्याच तीन दिशांभोवती. मी ही वही हातात धरली आहे, तिची कुठलीही हालचाल घ्या, ती या सहांचीच मिळून बनलेली असते. आता दाराची बिजागरी बघा. बिजागरी दाराच्या सहापैकी पाच हालचाली काढून घेते आणि एकच ठेवते. दार उघडतं-मिटतं, पण वर उचललं जात नाही, बाहेर ओढलं जात नाही, तिरकं होत नाही. चांगल्या ब्रॅकेटचा खालचा भाग ही बिजागरीच असते. एक लांब बोल्ट, त्याभोवती अल्टरनेटर झुलतो. पाच हालचाली कायमच्या बंद. सहावी आपल्याला पट्टा ताणायला हवी म्हणून मोकळी ठेवली आणि ताणून झाल्यावर वरच्या खाचेच्या पट्टीने तीही बंद केली. एवढंच सगळं यंत्र आहे. बाकी पाचांपैकी एक जरी थोडी उघडी राहिली, बिजागरी हिंदकळली, तरी पुली तिरकी होते आणि पट्टा कडेने कातरला जातो.

या बिजागरीची जागा कुठे असावी याकडे लोक कमी लक्ष देतात. जिथे भोक सापडलं तिथे बोल्ट घातला, असं चालतं. एक कल्पना करा. समजा अल्टरनेटरची बिजागरी नेमकी इंजिनाच्या पुलीच्या मध्यावरच बसवली. मग अल्टरनेटर त्या पुलीभोवती गोल फिरेल, पृथ्वीभोवती चंद्र फिरावा तसा, आणि दोन पुलींमधलं अंतर कधीच बदलणार नाही. कितीही झुलवा, पट्टा जितका सैल होता तितकाच सैल. कुणी मुद्दाम असं करणार नाही हे खरं, पण याच्या जवळपास जाणारी चूक पुष्कळदा दिसते. बिजागरी दोन पुलींना जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या जवळ असते, अल्टरनेटर हाताला छान हलताना दिसतो, पट्टा मात्र ताणला जात नाही. नियम असा: बिजागरीपासून अल्टरनेटरच्या पुलीच्या मध्यापर्यंत एक रेषा काढा, आणि तिथून इंजिनाच्या पुलीच्या मध्यापर्यंत दुसरी. त्यांच्यात जवळपास काटकोन हवा. मग झुलवलं की अल्टरनेटर सरळ दूर जातो आणि हललेला प्रत्येक मिलिमीटर ताणाच्या कामी येतो. हे कागदावर कंपासने काढून बघता येतं. खोक्याचा पुठ्ठा कापून इंजिनावर धरून बघितलं तर आणखी चांगलं. पुठ्ठा वाया गेला तर दुःख नाही, आठ मिलिमीटरची प्लेट वाया गेली की होतं.

दुसरी गोष्ट, ब्रॅकेट कशाला बांधायचा? इंजिनालाच. गाडीच्या चौकटीला नाही. चौकट समोरच असते, तिला वेल्ड करणं सोपं, म्हणून मोह होतो. पण इंजिन रबराच्या गादीवर बसलेलं असतं आणि रेस दिली की ते कूस बदलतं. पट्ट्याचं एक टोक डुलणाऱ्या इंजिनावर आणि दुसरं स्थिर चौकटीवर असेल तर प्रत्येक झटक्याला पट्टा क्षणात ताणला जाणार, क्षणात ढिला होणार. इंजिनाच्या बाजूला कारखान्याने पाडलेली आटे असलेली भोकं असतात, काही रिकामी असतात. त्यातली निदान दोन, शक्यतो एका रेषेत नसलेली तीन, पकडायची.

ओढ किती असते याचाही अंदाज घेऊ, म्हणजे लोखंड किती जाड घ्यायचं ते भीतीने किंवा कंजुषीने ठरणार नाही. ४५ अँपिअर, १४ व्होल्ट, म्हणजे ६३० वॅट वीज. अल्टरनेटर निम्म्याच्या थोडी वर कार्यक्षमता देतो, म्हणजे पट्ट्याकडून तो हजार-अकराशे वॅट घेतो, दीड अश्वशक्ती म्हणा. पुली ६५ मिलिमीटर व्यासाची आणि ती मिनिटाला ३००० वेळा फिरत असेल तर पट्ट्याच्या ओढणाऱ्या आणि परतणाऱ्या बाजूंमध्ये साधारण ११ किलोंचा फरक पडतो. दोन्ही बाजूंचा एकूण ओढा त्याच्या दुप्पट-तिप्पट. आकडा तसा मोठा नाही. गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढा. ब्रॅकेट मोडतो तो या ओढ्याने नाही, थरथरीने मोडतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालताना सेकंदाला १०० झटके देतं. तासाला तीन लाख साठ हजार. अल्टरनेटरचं वजन चारेक किलो, आणि ते एवढ्या वेळा हिसकलं जातं. तार वाकवून-वाकवून तोडतो ना आपण, तसंच. चीर जवळपास नेहमी वेल्डिंगच्या कडेला सुरू होते. म्हणून नुसती जाड प्लेट घेण्यापेक्षा सहा-आठ मिलिमीटरची प्लेट घेऊन तिला त्रिकोणी आधार द्या. लोखंड वाकतं, त्रिकोण सहसा वाकत नाही.

आता वरची खाचेची पट्टी. गाड्यांमध्ये ती बहुधा कमानीसारखी वाकलेली दिसते. का बरं? अल्टरनेटर बिजागरीभोवती झुलतो, म्हणजे त्याचा वरचा कान वर्तुळाच्या कंसावर चालतो. पट्टी इंजिनाला दोन बोल्टांनी पक्की बसवली असेल तर खाच त्याच कंसाची हवी, आणि कंसाचं केंद्र म्हणजे बिजागरीचा बोल्ट. सरळ खाच पाडली तर बोल्ट मध्ये चालेल आणि टोकाला अडेल. पण पट्टी इंजिनाला एकाच बोल्टाने बांधली, म्हणजे तीही थोडी फिरू शकते, तर सरळ खाच चालते. अल्टरनेटर सरकेल तशी पट्टी आपला कोन बदलून घेते. घरच्या कामाला ही दुसरी पद्धत बरी. कंस आखून कानशीने घासत बसण्याची गरज नाही.

खाच किती लांब? दोन पुलींवरचा पट्टा एक मिलिमीटर ताणायला अल्टरनेटर साधारण अर्धा मिलिमीटर हलवावा लागतो, कारण पट्ट्याच्या दोन बाजू आहेत. मीटरभराचा पट्टा वापरून एक-दीड सेंटिमीटर वाढेल, त्याला सातेक मिलिमीटर लागले. पट्टा चढवताना ढिलाई हवी, स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर उपसून चढवायचा नसतो, आतले दोरे तुटतात. त्यासाठी दीड सेंटिमीटर. आणि अहेरीच्या दुकानात नेमका मापाचा पट्टा मिळाला नाही, थोडा लांब किंवा आखूड मिळाला, तर त्यासाठी आणखी दोन. सगळं मिळून चारेक सेंटिमीटर. ही खाच गॅसकटरने कापू नका. कडेला दाते राहतात आणि बोल्ट त्या दात्यांतच जाऊन बसतो, तुम्हाला हव्या त्या जागी नाही. साडेआठच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मधलं छिन्नीने काढा, कानस मारा. १३चा पाना लागतो तो ८ मिलिमीटरचा बोल्ट त्यात बसतो. खाली जाड वायसर. आणि त्या जागी रंग लावू नका. ही सहावी हालचाल केवळ घर्षणाने बंद ठेवायची आहे, रंग उष्णतेने मऊ पडतो, चेपतो, बोल्ट ढिला होतो.

ज्यांना घर्षणावर विसंबायचं नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्या प्रत्येक गावात उभा आहे. ट्रॅक्टरची टॉप लिंक. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधला पाइप फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा बाहेर जातात. त्याचीच छोटी आवृत्ती १० मिलिमीटरच्या दांड्यांची करून पट्टीच्या जागी बसवायची, दोन्ही बाजूंना लॉकनट. ताण हवा तेवढा, अर्ध्या फेरीच्या हिशेबाने. डावे आटे पाडायला मात्र टर्नरकडे जावं लागतं. माझ्या विद्यार्थ्याने शेवटी हेच केलं, आणि मला ते जास्त आवडतं, कारण त्यात पहारीने अल्टरनेटर रेटावा लागत नाही. खाचेची पट्टी असेल तर रेटताना पहार पुलीकडच्या भागाला, कानाजवळ लावायची. मागच्या बाजूला लावली तर ॲल्युमिनियमचं कवच तडकतं.

वेल्डिंगबद्दल थोडंच, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींना ते माझ्याहून चांगलं येतं. बिजागरीचा बोल्ट, अल्टरनेटर, पट्टा सगळं जागेवर बसवून आधी फक्त टॅक मारा, आणि त्याच वेळी बॅटरी व अल्टरनेटरच्या तारा काढलेल्या असू द्या. दोन्ही पुलींच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून बघा. वीतभर अंतराला दीड-दोन मिलिमीटरहून जास्त फरक नको. मग भाग सुटे करून, बोल्ट तसाच ठेवून, आलटून-पालटून थोडं थोडं वेल्ड करा. वेल्ड निवताना ओढतं, एका बाजूने सलग भरलं की कान तिरका होतो. राहिलेला फरक शेवटी लेथवर केलेल्या बुशने भरा. अल्टरनेटरचा कान आणि ब्रॅकेट यांच्यात फट ठेवून नुसता बोल्ट आवळला तर कान तुटतो. आणि अल्टरनेटरचं शरीर हीच त्याची अर्थची तार असते, म्हणून रंगवलेल्या ब्रॅकेटवर भिस्त न ठेवता इंजिनापर्यंत एक जाड वेणी टाका.

राहिला ताण. १६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी ज्या शहरात धम्मदीक्षा दिली त्या शहरात मी बोलतो आहे, तेव्हा सोणाची गोष्ट इथे बऱ्याच जणांना ठाऊक असणार. अंगुत्तर निकायात ती आहे. भिक्खू झालेला सोण पूर्वी वीणा वाजवायचा. तो साधनेत स्वतःला फार ताणून घेत होता, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारलं की तारा फार ताणल्या किंवा फार ढिल्या सोडल्या तर वीणा नीट वाजते का? ही गोष्ट सांगताना आपण 'मध्य' म्हणजे अर्धा असं समजून चालतो. पट्ट्यावर ते चालत नाही. पट्टा ढिला असेल तर घसरतो, चिरकतो, तापतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. फार ताणला तर आवाज येत नाही, सगळं छान वाटतं, आणि काही महिन्यांनी अल्टरनेटरचं किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. दोन चुकांपैकी एक ओरडून सांगते, दुसरी गप्प बसते. मिस्त्री लोक ओरडणाऱ्या चुकीला घाबरतात आणि म्हणून जवळजवळ सगळे पट्टे गरजेपेक्षा जास्त ताणलेले असतात. योग्य ताण दोन टोकांच्या अर्ध्यावर नसतो, पूर्ण भाराला पट्टा जिथे घसरायचा थांबतो त्याच्या थोडा पुढे असतो. सगळे दिवे लावा, रेस द्या, चिरकला तर अर्धी फेरी वाढवा. सर्वांत लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबलं तर पट्टा सेंटिमीटरभर दबावा. अंगठा किती जोराने दाबायचा हे पुस्तकात लिहिता येत नाही. गिल्बर्ट राइलने १९४९मध्ये 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत जो फरक केला तो मी वर्गात तीस वर्षं शिकवला; गॅरेजमधला पोरगा तो अंगठ्याने दाखवतो.

नवा पट्टा पहिल्या काही तासांत बसतो, तेव्हा पहिल्या फेरीनंतर पुन्हा ताण बघा. नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटली की नट फिरला.

आता प्रश्न. पहिला प्रश्न कायद्याचा आहे, ही गाडी रस्त्यावर आणता येईल का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही, आणि नव्या नमुन्याच्या नोंदणीसाठी तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. देवराष्ट्रेच्या गाडीबद्दल महिंद्रांनीही तेव्हा हेच लिहिलं होतं, की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या थांबवली जाईल. कलम ५२ आहे ते नोंदलेल्या गाडीत फेरफार करण्याबद्दल. माझ्या विद्यार्थ्याची गाडी त्याच्या शेतात चालते, धुऱ्याच्या आत. तीही बंडीवाटेने. त्याला ते पुरेसं वाटत नाही, हेही सांगतो. त्याचं म्हणणं, एका माणसाने एकच गाडी केली तर तिला तपासण्याची परवडणारी वाट असावी. मला ते म्हणणं रास्त वाटतं. ब्रेकची तपासणी मात्र त्यात माफ असू नये.

दुसरा प्रश्न, थरथरीसाठी ब्रॅकेटखाली रबर टाकलं तर? नको. रबर टाकलंत की बंद केलेल्या पाचही हालचाली थोड्या थोड्या उघडल्या.

मागून विचारतायत, पट्टा कुठल्या मापाचा आणायचा. अल्टरनेटर खाचेच्या आतल्या टोकापासून एक तृतीयांशावर ठेवा, दोन्ही पुलींच्या खोबणीतून दोरी फिरवा, ती मोजा, तेच माप दुकानात सांगा. शेवटचं वेल्डिंग पट्टा हातात आल्यावर. आणि दोन घ्या, दुसरा सीटखाली पान्याबरोबर ठेवा.